दर दोन तासाला पाव लिटर

गुरुवार, २० जानेवारी १९७७. जालना

उशीर झाला, माफी असावी. शहागडच्या पुंजाराम गुरुजींनी नव्या सालाला ही वही दिली आणि रोज चार ओळी लिहीन असा शब्द माझ्याकडून घेतला. दोन दिवस लिहिलं. मग सतरा दिवस एक अक्षर नाही. गुरुजी रागावतील. रागावू द्या. त्यांचा मुलगा घरी धडधाकट आहे.

तीन तारखेला सकाळी माझा देवानंद आमच्या पंक्चरच्या दुकानासमोर ट्रकच्या चाकात हवा भरत होता. चाकाची लोखंडी रिंग नीट बसली नव्हती. ती उडाली आणि त्याच्या तोंडावर आणि छातीवर आदळली. जबडा दोन ठिकाणी मोडला, उजवा हात मोडला, तीन बरगड्या गेल्या, आणि मांडीचं मांस वीतभर फाटलं. साहेबराव ड्रायव्हरने आपल्या ट्रकमध्ये टाकून त्याला इथल्या दवाखान्यात आणला.

आता जबडा तारेने आवळला आहे. तोंड उघडत नाही, बोलणं बंद. नाकातून रबरी नळी थेट पोटात सोडली आहे आणि तिच्यातून अन्न घालतात. ते अन्न काय ते लिहून ठेवतो, कारण माझा त्याच्यावर विश्वास नाही. दीड लिटर दूध, सहा अंडी, साखर, गोडं तेल, मुगाच्या डाळीचं घट्ट पाणी, दोन केळी. सून मालन हे सगळं तिच्या मावशीच्या, कांताबाईच्या घरी रवीने घुसळते, फडक्यातून दोनदा गाळते आणि डब्यातून आणते. सकाळी आठ ते मध्यरात्री बारा, दर दोन तासाला पाव लिटर. काचेच्या मोठ्या पिचकारीचा दांडा काढायचा, नळकांडं नळीला लावून वर धरायचं, हळूहळू ओतायचं. शेवटी घोटभर साधं पाणी. मग खाटेला टांगलेल्या कागदावर पेन्सिलीने एक रेघ.

निरोगी माणसाला सणाला मिळत नाही ते जखमी माणसाच्या पोटात दिवसभर ओततात. याला इलाज म्हणतात.

इतके दिवस मालन रात्रंदिवस बसली. काल ती भिंतीला टेकून उभी राहिली ती घसरून खालीच बसली. म्हणून आजपासून सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मी. नर्स सत्यशीला मला शिकवायला आली. पोरगी आपल्यातलीच आहे, औरंगाबादला शिकलेली. आपल्यातली आहे म्हणून तर जास्त चढून बोलते.

"जयभीम बाबा. घड्याळ कळतं का?"

"सडकेच्या गँगवर तीस वर्षं काढली. भोंगा कानात बसलाय माझ्या."

"भोंगा नको, काटा बघा. आन् रेघ मारल्याबिगर उठायचं न्हाई. एखादी गोळी चुकली तर मी बघून घेईन. हे चुकायचं न्हाई."

गोळीपेक्षा दूध मोठं म्हणणारी नर्स मी पहिल्यांदा पाहिली. सगळ्या वॉर्डासमोर बोलली. शेजारच्या खाटेवरचा हसनाबादचा धर्मराज पाटील मान वळवून ऐकत होता.

मोठे डॉक्टर येऊन गेले. मांडी उघडून पाहिली आणि म्हणाले, रंग चांगला आहे. मला तर नुसतं लाल मांस दिसलं.


शनिवार, २२ जानेवारी

पट्टी बदलताना आज मी मुद्दाम वाकून पाहिलं. जखमेच्या एका कोपऱ्यात पू होता. थोडाच, पण होता. पांढरा, पिवळट. डब्यातल्या त्या दुधासारखाच.

कुणाला सांगून उपयोग नाही, म्हणून इथे लिहितो. माझा थोरला भाऊ संपत विहिरीच्या कामावर होता. सुरुंगाचा दगड त्याच्या पायावर बसला. हकीमाने परहेज सांगितलं, फक्त तांदळाची पेज, तीही पातळ. सात दिवस मी त्याच्याजवळ बसून पेज पाजली. आठव्या दिवशी पाय काळानिळा पडून पू वाहायला लागला. तेव्हा आईचा जीव राहिला नाही. तिने कुठून तरी म्हशीचं दूध आणि गूळ मिळवला आणि त्याला तांब्याभर पाजलं. नवव्या दिवशी संपत गेला. तो बावीस वर्षांचा होता, मी अठराचा. मी आईला तेव्हाच म्हणालो होतो, दूध देऊ नको. तिने ऐकलं नाही. मरेपर्यंत मी तिला ते बोलून दाखवलं.

मला कुणी डॉक्टरी शिकवू नये. मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आज दहाच्या पाव लिटरात मी अर्धं पाणी घातलं. सत्यशीला पलीकडच्या वॉर्डात होती. देवानंद माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "तुझ्या भल्यासाठी हाय बाळा." मग रेघ मारली. सरळ आली.


सोमवार, २४ जानेवारी

आता रोज दिवसाच्या सहाच्या सहा वेळा अर्धं पाणी. पू वाढला नाही. म्हणजे माझं बराबर आहे.

मालन फार हुशार झाली आहे. संध्याकाळी आली की आधी कागद बघते, मग नवऱ्याकडे, मग माझ्याकडे. आज म्हणाली, "मामा, रात्री मी पाजलं की हे गाढ झोपतात. दिवसा का तळमळून राह्यलेत?"

"दिवसा उजेड असतो," मी म्हणालो.

"उजेडानं कुणी तळमळत न्हाई."

"तुझी बडबड ऐकून तळमळत असंल."

ती रिकामा डबा घेऊन नळावर गेली आणि इतका वेळ घासत बसली की जणू डब्यानेच तिचं काही केलं होतं. बापाच्या हाताखाली पोरगं सोपवलं हे तिला खपत नाही.

उरलेलं दूध मी संडासाच्या मोरीत ओततो. वाईट वाटतं. रोजची दोन अंडी तिथे जातात.


गुरुवार, २७ जानेवारी

मोरीत ओतताना धर्मराज पाटलाच्या बायकोने, झुंबरबाईने पाहिलं. मला वाटलं, आता ही बोंबलणार. पण ती पदर सावरत जवळ आली. कालपर्यंत "ए म्हाताऱ्या, तुझी गाठोडी सरकव" म्हणणारी बाई आज म्हणते, "अहो भिवाबाबा, असलं दूध टाकून देता व्हय? आमच्या माणसाला तरी द्या की."

त्यांची तऱ्हा अशी. धर्मराजला बैलाने मांडीत शिंग घातलं. जखम महिन्याची, भरतच नाही. चाळीस एकर जमीन, दोन मुलं, दोन्ही वाटणीसाठी भांडतात आणि बापाला भाकरी आणून द्यायला एकालाही सवड नाही. दवाखान्याचा पाव आणि चहा यावर तो पडलेला असतो. तरी ताठा केवढा! पहिल्या दिवशी माझा तांब्या त्याच्या खाटेला लागला तर झुंबरबाईने खाटेचा पाय धुतला होता.

मी म्हणालो, "पाटलाला चालंल का? डबा आमचा हाय. केलं बी आमच्याच घरात."

झुंबरबाई नवऱ्याकडे बघायला लागली. धर्मराज छताकडे बघत होता. तिकडेच बघत म्हणाला, "दवा म्हणून घेतो. दवाला जात न्हाई."

"मंग घ्या दवा," मी म्हणालो आणि माझ्याच जर्मन धातूच्या मगात ओतून त्याच्या हातात दिला. वरून ओतला नाही, हातात दिला. त्याने एका दमात संपवला. मिशीला लागलेलं चाटलं.

"यात अंडं तर न्हाई ना? मी माळकरी माणूस."

"डॉक्टरची दवा हाय पाटील. दवात काय काय असतं ते आपल्याला काय ठावं?"

आमच्या गावात याच्यासारख्याच पाटलांनी माझ्या बापाला पाणी लांबून, ओंजळीत ओतून पाजलं. आज पाटील माझ्या मगाने पितो. खोटं का लिहू, जालन्याला आल्यापासून आज पहिल्यांदा माझ्या छातीत जरा मोकळं वाटलं.


रविवार, ३० जानेवारी

देवानंदने नवं सुरू केलं आहे. डाव्या हाताने पोटावर थापट्या मारतो. मग माझ्या हाताला धरतो आणि डब्याकडे बघतो. मग पुन्हा पोट. डोळ्यांतून पाणी.

पोट दुखतं आहे, दुसरं काय? अर्धं पाणी घालूनही एवढं जड पडतं, तर पुरं दिलं असतं तर काय झालं असतं! दुपारी दोनचं आणि चारचं आणखी पातळ केलं. पाव लिटरात दोन बोटं दूध, बाकी पाणी. तो माझं मनगट सोडेना. मी बोटं एकेक करून सोडवली. कधीकाळी दुकानात चाकाचा पाना फिरवायचा तो हात, आता चिमणीच्या पायासारखा लागला.

रेघा सहाच्या सहा मारल्या.


गुरुवार, ३ फेब्रुवारी

मी म्हणत होतो ते खरं ठरलं. त्याच्या दोन्ही पायांना सूज आली आहे. अंगठ्याने दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो. अंगात जास्त झालेलं उतरून पायात साचलं. आणखी किती पुरावा पाहिजे? वरचा देह सुकून हाडं दिसताहेत, खाली पाय भरलेत. वरचं सगळं खाली गेलं.

मांडीचे दोन टाके आपोआप उसवले. जखम आता लाल नाही, फिकट पडली आहे, राखेसारखी. आणि पू वाढला. म्हणजे मालन रात्री जे पुरं पाजते त्याचाच हा परिणाम.

मी तिला सांगायचा प्रयत्न केला. "रात्रीचं बंद कर. पोरगं मरंल."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मागे सरलो. "मामा, पुन्यांदा असं बोलू नका," ती म्हणाली. "बिलकुल बोलू नका."

धर्मराज पाटील आज खाटेवर उठून बसला. त्याचे गाल भरले आहेत. पट्टी बदलायला आलेली सत्यशीला त्याच्या मांडीकडे बघतच राहिली. "पाटील, महिनाभर काही न्हाई आन् आठ दिवसांत हे काय केलं?"

"पांडुरंगाची कृपा," पाटील म्हणाला आणि झुंबरबाईने पटकन मग पदराखाली घेतला.

कुणावर कृपा, कुणावर नाही. चाळीस एकरवाल्यावर कृपा. माझ्या पोरावर नाही.


शनिवार, ५ फेब्रुवारी

मोठे डॉक्टर आज चिडले होते. कागद हातात घेऊन रेघा मोजल्या. मग देवानंदचा दंड दोन बोटांत धरला, दोन्ही बोटं एकमेकांना लागली.

"रोज सव्वादोन लिटर जातंय म्हणता, आणि माणूस पंधरा दिवसांत अर्धा झाला. कागद खोटं बोलतो का पेशंट?"

मग त्यांनी थुंकी तपासायला सांगितली, लघवी तपासायला सांगितली, साखरेचा आजार आहे का, क्षय आहे का, जंत आहेत का. मालनला बाजूला घेऊन ते हळू म्हणाले ते मला ऐकू आलं. असंच राहिलं तर आठ-दहा दिवस. अंगात भरून काढायला काही उरलेलं नाही, आता ताप आला तर धरणार नाही.

मालन रडली नाही. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मामा, तुम्ही एकबी वेळ चुकला न्हाई ना? झोप लागली आसंल, तर सांगा. मी काही म्हणणार न्हाई."

"एकबी वेळ चुकलो न्हाई," मी म्हणालो. ते खरं आहे. वेळ एकही चुकली नाही.

आठ-दहा दिवस. संपतला नऊ लागले होते. उद्यापासून नुसतं पाणी द्यावं का? एकीकडे वाटतं द्यावं, एकीकडे वाटतं नको. कुणाला विचारू? ही सगळी शिकलेली माणसं माझ्यावर उलटतील.


मंगळवार, ८ फेब्रुवारी

सकाळी दहाला मी डबा उघडून पाणी घातलं आणि उरलेलं पाटलाच्या मगात ओतलं. रोजच्यासारखंच. मागे वळलो तर सत्यशीला उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक.

ती आधी पाटलाकडे गेली. त्याच्या हातातला मग घेऊन नाकाजवळ नेला आणि वास घेतला. "झुंबरबाई, हे किती दिवसापासून?"

"आता मी काय चोरलं का? यांनीच दिलं," झुंबरबाई म्हणाली. "दहा-बारा दिवस झाले. मोरीत ओतून राह्यले होते बाई, आम्ही वाया जाऊ दिलं न्हाई. दिवसाला पाच-सहा मग. भला माणूस."

"पाच-सहा मग," सत्यशीला म्हणाली. मग धर्मराजच्या मांडीकडे पाहिलं, मग देवानंदच्या पायांकडे. "पाटील, तुमची जखम पांडुरंगानं न्हाई भरली. या माणसाच्या दुधा-अंड्यानं भरली."

"अंडं?" पाटील ओरडला. "ए भिवा! तू मला अंडं पाजलं?"

"गप बसा," झुंबरबाई खेकसली. "पाय वाचला न्हवं? बसा गप."

माझी पेन्सिल खाली पडली. सत्यशीलाने माझ्या हातातला डबा काढून घेतला. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. देवानंदच्या खाटेवर वाकून म्हणाली, "दादा, पोट दुखतं का?"

त्याने मान हलवली. नाही.

"भूक लागते का?"

तो रडायला लागला. तोंड तारेने बांधलेलं, त्यामुळे रडण्याचा आवाज नाकातून आला. त्या नळीच्या कडेने. त्याने इतक्यांदा मान हलवली की तिने त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं.

मी म्हणालो, "जखमेला दूध दिलं की पू होतो. माझा भाऊ..."

"बाबा," ती म्हणाली, "हे हाड जोडायला, हे मांस भरायला माल कुठून येतो? सडकेवर खडी टाकली न्हाई आन् नुसतं पाणी मारलं तर सडक होते का? तीस वर्षं तुम्ही हेच काम केलं ना? बाहेरून काही आलं न्हाई तर अंग आपलंच मांस खातं. ही सूज जास्त झाल्याची न्हाई. खायला न मिळाल्याची हाय."

सगळा वॉर्ड ऐकत होता. माझ्याच जातीची, माझ्या नातीच्या वयाची पोरगी मला सडक शिकवत होती.

मालन आली तेव्हा तिला सत्यशीलानेच सांगितलं. मालनने डबा खाली ठेवला, झाकण बराबर लावलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अंडी आणायला मी रोज अर्ध्या जालन्यात फिरले. रात्री दूध घुसळताना डोळे मिटायचे म्हणून कांतामावशी माझे केस ओढायची. आन् तुम्ही ते पाटलाला पाजलं."

"मोरीत जात होतं म्हणून..."

"मोरीत!" ती म्हणाली. मग फार हळू म्हणाली, "मामा, तुम्ही तुमचा लेक उपाशी मारत होता. आन् रेघा मारत होता."

मोठ्या डॉक्टरांनी मला वॉर्डात यायची मनाई केली. मालनने माझी पिशवी दाराबाहेर आणून ठेवली. जाताना मी देवानंदकडे पाहिलं. सत्यशीला त्याला पाजत होती, पण पूर्ण नाही. "आज एवढंच," ती त्याला सांगत होती, "उद्या जास्त, परवा आणखी. उपाशी पोटाला एकदम न्हाई." तो काचेच्या नळकांड्याकडे बघत होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.


बुधवार, ९ फेब्रुवारी. शहागड

घरी आलो. दुकानाला कुलूप. गुरुजी विचारायला आले, मी कडी उघडली नाही.

लिहितो ते स्वतःशीच. मी चुकलो असं अजून मला वाटत नाही. पण पाटलाची जखम कशी भरली याचं उत्तर सापडत नाही. पाटलाचं रक्त वेगळं म्हणावं तर बाबासाहेबांनी आम्हाला उलट शिकवलं. आणि देवानंदने मान हलवली, ती मी पाहिली.


सोमवार, १४ फेब्रुवारी

ठरवलं आहे. यांना खोटं पाडायचं. देवानंदला दिवसा जितकं देत होतो तितकंच मी घेणार, आठ ते सहा, दर दोन तासाला, अर्धं दूध अर्धं पाणी. बाकी काही नाही. रात्रीही नाही. मी सहासष्ट वर्षांचा म्हातारा. मला काही होत नाही हे सिद्ध झालं की त्या पोरीला लिहून पाठवतो.

शेळीचं दूध मिळालं. माप म्हणून दवाखान्यातलाच मग.

पहिला दिवस. काही झालं नाही. फक्त दुपारी शेजारच्या घरात भाकरी थापायचा आवाज आला, तो मी फार वेळ ऐकत बसलो.


गुरुवार, १७ फेब्रुवारी

मंगळवारी काही लिहिलं नाही. कंटाळा आला. बुधवारी दोनचा मग वेळेआधी प्यालो, एक वाजताच. मग चारपर्यंत घड्याळच बघत होतो. काटा हलत नाही. राग आला, कुणाचा ते कळेना.

आज सकाळी कडी काढायला उठलो आणि उंबऱ्यातच बसलो. पुंजाराम गुरुजींनी धरून आत आणलं. कण्या शिजवून खायला घातल्या. मी दोन ताटल्या खाल्ल्या आणि बोटं चाटली. गुरुजींनी विचारलं, काय झालं होतं. म्हणालो, पित्त.

तीन दिवस. मला कुठे जखम नाही, हाड मोडलेलं नाही. त्याला अठरा दिवस. तरी रात्री मालन देत होती. ती नसती तर

हे वाक्य राहू दे.


शनिवार, १९ फेब्रुवारी

काल साहेबराव ड्रायव्हर जालन्याकडे निघाला तेव्हा त्याच्याकडे दुधाची कासंडी आणि भुश्यात ठेवलेली बारा अंडी दिली होती. आज तो परतला. कासंडी आणि अंडी त्याच्या हातातच होती.

"बाबा, मालनबाई म्हणल्या, इथं दूध हाय. मामाच्या हातचं नको."

मी कासंडी घेतली. विचारावं की नाही असं होतं, पण विचारलं. "हाय ना तो?"

"हाय हाय. दारातून पाह्यला. ताप होता म्हणे चार दिवस, काल उतरला. पायाची सूज कमी दिसली. डॉक्टर म्हणत होता, अजून हातात आला असं म्हणू नका, पण जखम लाल व्हायला लागली."

"लाल?"

"चांगलं असतं म्हणे ते."

"माझं काही बोलला? म्हणजे हातानं काही दाखवलं?"

साहेबरावने बिडी काढली, पेटवली नाही. "झोपला होता बाबा," तो म्हणाला. साहेबरावला खोटं बोलता येत नाही, तो लगेच ट्रककडे गेला.


मंगळवार, २२ फेब्रुवारी

आज मालनला पाकिटातून पत्र टाकलं. पाच वेळा लिहून फाडलं. गुरुजींना दाखवलं नाही. काय लिहिलं ते इथे उतरवून ठेवतो.

सौ. मालन हिस भिवाचा जयभीम. दूध परत आलं, मिळालं. तुझं बराबर आहे. मी तिथे येणार नाही, दारातही येणार नाही, भिऊ नको.

सांगायचं ते सांगतो. पाणी मीच घातलं. झोप लागली नव्हती, भूल पडली नव्हती, पूर्ण शुद्धीत घातलं आणि रेघ पुरी मारली. मला वाटलं मी त्याला वाचवतो आहे. तेच पाणी-दूध मी इथे तीन दिवस पिऊन पाहिलं. चौथ्या दिवशी मला उभं राहता आलं नाही. हे कुणाला सांगितलं नाही, तुला सांगतो. सत्यशीलाबाईंनाही सांग. त्या हसल्या तरी चालेल.

त्याला माझी माफी सांगायची की नाही ते तू ठरव. त्याला आता ताकद लागते, ती माझ्यावर राग करण्यात जाऊ नये.

एवढंच मागतो. रोज किती जातं ते आकड्याने कळव. पाव लिटर किती वेळा, अंडी किती, जखम किती बोटं उरली, ताप आहे की नाही. बाकी एक शब्दही लिहू नको. जबड्याची तार कधी काढणार तेही कळव. वाईट असेल तर तेही कळव, लपवू नको. तुला वेळ नसेल तर कुणाकडून दोन ओळी लिहून घे. कोरं कार्ड सोबत पाठवतो आहे, पत्ता माझा मी घातला आहे, नुसता आकडा टाकून पेटीत सोड. लवकर सोड. उद्याच सोड.